नऊ वाफे खरे

१४ मे
उद्या कापणी. भाताच्या तीन जाती, युरियाचे तीन डोस, सगळं चार-चार वेळा: एकूण छत्तीस वाफे. प्रत्येकाचं धान्य वेगळं मोजायचं. जातीचा परिणाम किती, खताचा किती, आणि दोघांची जोडी जमते का, ते अनोव्हा हे संख्याशास्त्राचं गणित सांगेल. दिवसभर हलायचं नाही, ठरलं.

१५ मे
गावात शेतकऱ्यांच्या संताचा, सान इसिद्रोचा उत्सव. दोनच तास जाऊन आलो. (सहा.) शेतावरचे पासियोंग काका म्हणाले, पहिले नऊ वाफे तुमच्यासमोर मोजले, बाकीचं एकाच ढिगात झोडपलं. वाफ्यांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या तुमच्याच खिशात ना, सर! होत्या खऱ्या.

१६ मे
नऊच आकडे म्हणजे एका जोडीला एकच. मग जोडीचा गुण कुठला नि निव्वळ योगायोग कुठला, अनोव्हाला कळत नाही. दोष पद्धतीचा. उरलेले सत्तावीस आकडे मीच भरले, दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे करून. ही लबाडी नव्हे, अनुभव आहे. जेवण गेलं नाही.

१७ मे, सकाळी
नवी जात अधिक दुप्पट युरिया: अनोव्हाचे तीन तारे, म्हणजे निकाल एकदम पक्का! (तो वाफा कालव्याला लागून होता, म्हणूनही पिकला असेल.) आमच्या प्रमुख डॉक्टर लिगाया मॅडम म्हणाल्या, सेल्सो, इतका स्वच्छ डेटा मी बावीस वर्षांत पाहिला नाही. लाज वाटली. उद्या सांगणार.

१८ मे
रविवार.

२ जून
पासियोंग काका म्हणतात, यंदा माझ्या दीड हेक्टरात तीच जोडी लावतोय. तुमचे तीन तारे ना, सर! खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी केळीच्या पानातला गोड भात हातावर ठेवला. खाताना कसं बोलणार?

११ ऑगस्ट
काकांचं शेत पाहिलं. दुप्पट युरियाने गडद हिरवं आणि नको तितकं उंच. देवा, वारा नको. आता लेखी कबुली. "आदरणीय मॅडम" इथपर्यंत मसुदा झाला. समास नीट बसत नाहीत.

२६ सप्टेंबर
वादळ. काकांचं सगळं भात आडवं, पाण्यात. शेजाऱ्यांचं उभं आहे.

२८ सप्टेंबर
काका ऑफिसात आले, टोपी हातात घेऊन. म्हणाले, तुमचा प्रयोग कसा चुकेल, सर? माझंच युरियाचं माप चुकलं असणार. आता सांगायचंच म्हणून उठलो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, पुढच्या वेळी नीट मोजा, काका.