तीनशे चाळीस एकरांची हलवाहलव

३ डिसेंबर, सकाळी ११
कॉम्प्युटर म्हणतो, सी ड्राइव्ह भरला, गेम सेव्ह होणार नाही. ऐन तोडणीच्या हंगामात! गेममधली माझी तीनशे चाळीस एकर शेती, दोन हार्वेस्टर, चार वर्षांची मेहनत, आणि ऊस उभा. डी ड्राइव्ह मात्र नुसता पडीक. ठरलं. अख्खी शेती तिकडं हलवायची. एका दिवसाचं काम. सोनाली म्हणाली, अहो, आपल्या उसाला उद्या तोडणीची टोळी येतीय, शेतात चला. मी म्हणालो, शेतीतच आहे. बायकोला मोठा विचार झेपत नाही.

४ डिसेंबर
शेतात जाणारच होतो. पण अभ्यास आधी. यूट्यूबवर एक जण गेम हलवण्यावर पाऊण तास बोलतो. पाच मिनिटांत बंद केलं, मुद्दा कळला होता. खात्रीसाठी धाराशिवच्या शिवप्पाला फोन. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणाला, साहेब, गेममधीच हलवायचं बटन असतंय, ते दाबा, तास-दीड तास लागंल, अन् तुमच्या हातानं काई डिलीट करू नगा. घाबरवायची दुकानदारी, दुसरं काय!

५ डिसेंबर, दुपारी
आमच्या तीन पिढ्या जमिनीत गेल्या. जमीन कधी जागची हलत नाही, हलतो तो कागद. फेरफार झाला, सातबाऱ्यावर नाव चढलं की झालं. स्क्रीनवरचं गेमचं चित्र म्हणजेच सातबारा. ते कट केलं, डीमध्ये पेस्ट केलं. एक सेकंद! तिथून दाबून पाहिलं, गेम सुरू. शिवप्पा दीड तास म्हणतो. लोकांना डोकं म्हणून वापरायचंच नाही.

५ डिसेंबर, संध्याकाळी ६
सी अजून भरलेलाच. साहजिक आहे, जुन्या नोंदी रद्द करायच्या राहिल्या होत्या. गेमच्या नावाचं जिथं जिथं जे दिसलं ते उडवलं, सेव्हचं फोल्डरसुद्धा. रिसायकल बिनही रिकामा केला. अर्धवट काम मला खपत नाही. नव्वद जीबी जागा मोकळी! सोनाली शेतातून आली, उसाच्या पाचटानं हात ओरखडलेले. तिला आकडा सांगितला. हं म्हणाली.

६ डिसेंबर
डीमधलं चित्र दाबलं. उघडेना. सकाळपासून शंभरदा दाबलं असेल. नवीन जागेत रुळायला वेळ लागत असावा.

७ डिसेंबर
अजून रुळतंय.

८ डिसेंबर
कॉम्प्युटर मांडीवर घेऊन एसटीनं धाराशिव गाठलं. शिवप्पानं सगळं उघडून बघितलं. मग म्हणाला, शेताची पाटी उपटून दुसरीकडं रोवली, अन् शेत होतं तिथंच पेटवून दिलं तुमी. त्याला सातबाऱ्याचा मुद्दा नीट समजावून सांगितला. तो उठून चहा सांगायला गेला. पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर दोन तास फिरवलं, त्यातून एका ट्रॅक्टरचा अर्धा फोटो निघाला. मी विचारलं, ऊस तरी? म्हणाला, काईच न्हाय.
फार वाईट वाटलं. चार वर्षं रोज सकाळी उठून त्या शेतात जात होतो. परतीच्या गाडीत डोळे भरून आले, म्हणून ढोकीचा थांबा येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसलो.

१० डिसेंबर
नवा संकल्प. शेती गेली म्हणून शेतकरी संपत नाही. चार वर्षांचा अनुभव आता खऱ्या शेतात लावायचा. सोनालीलाही आधार होईल. जुना शर्ट घातला, डोक्याला पंचा बांधला, उसाच्या फडावर गेलो. गुढीपाडव्यापासून आमच्याकडं असलेला सालगडी सिद्धाराम बांधावर उभा होता. म्हणाला, पाव्हणं, कुणाकडं आलाव? मी म्हणालो, असंच, शेतातच आलोय. त्यानं मला खालून वर न्याहाळलं. म्हणाला, काम मागाय आला असाल तर मालकीणबाई पलीकडं हायत, इचारून बघा, पण तुमच्या वयाचा गडी त्या ठेवायच्या न्हायत.
मी बरं म्हणालो. बाईंना न विचारताच घरी आलो.