अकरा सेकंदांचा साडू

५ जानेवारी, रविवार. दुपारी ४.
आज श्रीराम परभणीहून आला. श्रीराम म्हणजे माझा साडू. माझ्या बायकोची, सुमंगलेची, धाकटी बहीण रेणुका त्याला दिलेली. सोबत त्याची नवी घरगाडी. लोक कॅरव्हॅन म्हणतात. आत झोपायला दोन बाकं, शेगडी, पंखा. जीपच्या मागं जोडायची आणि निघायचं. इथं नोंद करून ठेवतो की ही कल्पना मूळ माझी. माझी घरगाडी दीड वर्षापासून पूर्णेत माझ्या दारात उभी आहे. श्रीरामनं ती बघितली, चहा पिऊन मुकाट्यानं परत गेला आणि सहा महिन्यांत स्वतःची करून घेतली.

त्यानं ती आमच्या गल्लीत सोडली. पुढचं छोटं चाक खाली टेकवलं, एक दांडा उचलला, जीप पुढं घेतली. अकरा सेकंद. मी न्हाणीच्या खिडकीतून घड्याळ लावून मोजले. अंगात पांढरा शर्ट. हाताला काळं नाही.

सुमंगला म्हणाली, अगं बाई, किती सोपं! माझ्या कुठल्या गोष्टीला तिनं 'अगं बाई' म्हटल्याचं आठवत नाही.

आमच्या घरगाडीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी पिन आहे. दोन भोकं एकाखाली एक आणायची आणि पिन टाकायची. पस्तीस मिनिटं, चार माणसं. शेजारच्या सरजाबाई गच्चीवरून घ्या, घ्या, घ्या म्हणतात आणि भिंतीला लागल्यावर बस म्हणतात. दीड वर्षात एकूण प्रवास एक. वसमतपर्यंत.

संकल्प: कपलर, म्हणजे जीपला जोडायचा सांधा, बदलणे. हेवा म्हणून नाही. सोय म्हणून.

६ जानेवारी, सोमवार.
सुमंगलेनं संक्रांतीचं वाण आणलं. चहाच्या स्टीलच्या गाळण्या, चाळीस. यंदाचं हळदीकुंकू तिला चारठाण्याला, माहेरी, घरगाडीच्या दारात करायचंय. म्हणाली, तेहतीस वर्षं झाली, माहेरी गेले की भावजयीच्या घरातली पाहुणी. एकदा माझ्या दारात उभं राहून वयनीला हळदीकुंकू लावायचंय, माझ्या शेगडीवरचा चहा पाजायचाय. रथसप्तमी चार फेब्रुवारीला आहे. त्याच्या आत नेलं म्हणजे झालं.

म्हणालो, वीस तारखेला निघू. नव्या कपलरनं. ती म्हणाली, जुन्याला काय धाड भरलीय? तांत्रिक बाबी तिला कळत नाहीत.

९ जानेवारी, गुरुवार.
ताडकळस रोडला सिद्धोधनच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. घरगाडीचा सांगाडा त्यानंच केलाय. म्हणाला, साहेब, पिन बदलायची गरज न्हाई. दोन-चार डाव सराव करा, जमतंय. मी नुसता हसलो. एकतीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला हा कपलिंग शिकवायलाय. (मी बुकिंग ऑफिसात होतो. पण खिडकीतून शंटिंग स्पष्ट दिसायचं.)

नवी पद्धत अशी: जीपच्या मागं लोखंडी गोळा, घरगाडीच्या पुढं उलटी वाटी. वाटी गोळ्यावर बसली की आपोआप लॉक. दांडा उचलला की सुटली. वाटी पुण्याहून मागवायची, गोळा सिद्धोधन लेथवर करून आणणार. त्यानं माप विचारलं. मी विचारलं, श्रीरामचा किती? पन्नास मिलिमीटर, म्हणाला. म्हणजे श्रीरामचं कामही ह्यानंच केलं! मला आज कळलं. गोड बोलून माझाच माणूस फोडला.

माझा बावन्नचा कर, म्हणालो.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
श्रीरामचा फोन. आवाजात नको तितका गोडवा. पंचवीसला चारठाण्याला निघायलोत, तुमीबी चला, दोन्ही गाड्या मागं-पुढं नेऊ, मजा येईल, म्हणाला. मजा कोणाला येईल ते मी ओळखून आहे. सगळ्या सासुरवाडीसमोर हा अकरा सेकंदांत गाडी सोडणार आणि मी मागं पान्हा घेऊन उभा. आम्ही त्याच्या आधीच जाऊन येतोय, असं सांगून टाकलं. सुमंगलेनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

त्यांच्याकडं तिळगुळाचा डबा पाठवायचा होता. बारक्या वड्या वेगळ्या काढून त्या भरल्या.

१८ जानेवारी, शनिवार.
वाटी आली. सिद्धोधन म्हणाला, साहेब, वाटी पन्नासची, गोळा बावन्नचा. बसायचा न्हाई. मी म्हणालो, नवी वस्तू घट्टच असते, नवी चप्पल घट्ट नसते का? तो म्हणाला, चप्पल कातड्याची असती.

गोळा त्याला नट-बोल्टवर बसवायचा होता. श्रीरामचा तसाच आहे. मी म्हणालो, नट ढिला पडतो, वेल्ड कर. तुमची मर्जी, म्हणाला. माझीच मर्जी चालणार. गाडी माझी आहे.

१९ जानेवारी, रविवार.
जोडली! ग्रीस, पाच किलोचा घण आणि शेवटी वाटीवर मी स्वतः उड्या मारल्या. खण्णकन आवाज झाला आणि बसली. एक तास दहा मिनिटं. पहिला प्रयत्न हिशेबात धरायचा नसतो. सुमंगलेनं हातावर साखर ठेवली, बॅग भरायला घेतली. सरजाबाई गच्चीवरून म्हणाल्या, जमलं बाई एकदाचं.

उद्या सकाळी निघायचं. त्याआधी एकदा सोडून बघतो.

सायं. ६. सुटत नाही.

२० जानेवारी, सोमवार.
सुटत नाही. दांडा वर येतो, वाटी येत नाही. घण झाला, पहार झाली, उकळतं पाणी झालं. जॅक लावला तर जीपचीच मागची चाकं उचलली. लॉक एक नंबर आहे एवढं मान्य करावं लागेल. सिद्धोधनला फोन केला. गोळा कापावा लागंल म्हणाला, पण तो जिंतूरला शेडच्या कामावर आहे, चार तारखेशिवाय यायचा नाही. दुसऱ्या वेल्डरला दाखवलं तर गोष्ट श्रीरामपर्यंत जाणार. नकोच.

सुमंगला बॅग घेऊन दारात. म्हणाली, जोडलेली हाय ना? मग चला की.
म्हणालो, तिथं सोडता आली नाही तर?
म्हणाली, तिथं कुणाला सोडायचीय? मला तर दारात उभं राहायचंय.

तिला कसं समजावणार? माहेरी गेली की ती आठवडाभर हलत नाही, आणि पंचवीसला तिथं श्रीराम येणार. आल्या आल्या कपलरकडं बघणार. त्याच्या जागी मी असतो तर मी हेच केलं असतं.

सध्या रद्द. तिनं बॅग आत नेली. गाळण्यांची पिशवी मात्र दाराशीच ठेवली.

२२ जानेवारी, बुधवार.
मेथी आणायची होती. गेलो, घरगाडीसकट. मला रिव्हर्स जमत नाही आणि मागं हे धूड, म्हणून बाजारापुढून सरळ जावं लागलं, ते रेल्वेच्या मैदानात जाऊन वळलो. दोन जुड्यांसाठी सहा किलोमीटर. वाटेत सात जणांनी विचारलं, कुठं निघालात? म्हणालो, इथंच.

फायदे: गाडीजवळ कोणी पार्किंग करत नाही. न्हाव्याकडं नंबर लागेपर्यंत आत आडवं होता येतं. खरं तर उठसूट सोडायची गरजच काय? जोडलेली ती जोडलेली. श्रीरामची पद्धत दोन वर्षांत जुनी ठरेल.

२३ जानेवारी, गुरुवार.
बँकेचं गेट अडलं. मॅनेजर स्वतः बाहेर आले. त्यांना कॅरव्हॅनमधलं काही कळत नाही.

२५ जानेवारी, शनिवार. सकाळी १०.
श्रीराम आणि रेणुका उलटं पूर्णेला येऊन सुमंगलेला घेऊन गेले. बहिणीबहिणींचं फोनवर आधीच ठरलं होतं. मला काल सांगितलं.

कपलरवर मी पहाटेच ताडपत्री बांधून ठेवली होती. श्रीरामनं विचारलं, हे कशाला? म्हणालो, थंडी आहे. त्यानं मान डोलावली. हसला नाही, पण हसू दाबणारा माणूस मला ओळखू येतो.

सुमंगलेनं गाळण्यांची पिशवी उचलली. आमच्या घरगाडीतून शेगडी आणि कपही काढून घेतले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, अहो, तुमीबी चला. जागा हाय. तुमच्याशिवाय मला तिथं कसं वाटंल? साडूच्या गाडीत बसून सासुरवाडीला जाऊ? सर्दी आहे, म्हणालो.

गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत उभा होतो. त्याचे ब्रेकलाइटसुद्धा चांगले आहेत.

२८ जानेवारी, मंगळवार.
रेणुकानं व्हॉट्सअॅपवर फोटो टाकले. सुमंगला घरगाडीच्या पायरीवर उभी, भावजय खाली. सुमंगलेच्या हातात हळदीकुंकवाचं तबक. मागं बायकांची रांग. मी फोटो मोठा करून खालच्या कोपऱ्यातला कपलर बघितला. पन्नासच. ग्रीस बेताचं.

मग वर सरकवलं तर तिचा चेहरा आला. तोंडभरून हसायलीय. ती पायरी माझ्या गाडीची असायला पाहिजे होती. जळालो. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो: जळालो. श्रीरामवर, त्याच्या पायरीवर आणि वयनीवरसुद्धा, कारण तिच्या हातात चहाचा कप होता.

संकल्प: अकराच्या आत.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी.
सिद्धोधन आला. ग्राइंडरनं गोळा कापला, पन्नासचा नटवर बसवला. चाळीस मिनिटांत काम संपलं. म्हणाला, साहेब, मी आधीच सांगितलं व्हतं. म्हणालो, संशोधनात असं होतं. त्यानं चहा मागितला. घरात दूध नव्हतं.

सुमंगलेचा फोन आला. चाळीसच्या चाळीस गाळण्या गेल्या. पुढल्या वर्षीचंही रेणुकानं आत्ताच ठरवलंय, त्यांच्याच गाडीत. वयनीनं सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे, सुमंगलाबाईचा चहा लय भारी. मी विचारलं, मी का आलो नाही असं कोणी विचारलं का? म्हणाली, हो, विचारलं ना. मी सर्दी सांगितली.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी.
६:५० — एकोणीस सेकंद.
७:०५ — चौदा.
७:१५ — बारा. शर्ट बदलला. पांढरा घातला.
७:४० — नऊ. नऊ सेकंद! घड्याळ दोनदा बघितलं. हाताला काळं नाही. गच्चीवर बघितलं, सरजाबाई नव्हत्या.

७:४५. गाडी परत जोडून श्रीरामला फोन केला. म्हणालो, नऊ. तो म्हणाला, काय नऊ? म्हणालो, सेकंद. त्याला कळेना. मग पाच जानेवारीपासूनचं सगळं सांगावं लागलं, खिडकीसकट. म्हणाला, विष्णुपंत, मी तर कधी मोजलंच न्हाई. पण बरं झालं, तुमचं जमलं. अगदी मनापासून म्हणाला. आणि फोन सुमंगलेकडं दिला.

ती म्हणाली, गाडी जोडली का? म्हणालो, हो. म्हणाली, मग कुठं निघालात?

म्हणालो, कुठं नाही.

फोन ठेवून गाडी परत सोडली. सात सेकंद लागले. ते कोणाला कळवलं नाही.