लंगड्या बसरेकराची हजेरी

मामंजी,

मागच्या रविवारी सांगलीत आपल्याकडे एक मुलगा आला होता. मुलगा म्हणजे तसा चांगला बाप्या आहे, विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकवतो, पण माझ्या वयाला आता चाळिशीच्या आतला सगळा मुलगाच दिसतो. तुमचा पणतू त्याच्या वर्गात आहे. आमच्या आजीकडे पाखरांच्या हजेरीच्या वह्या आहेत, असं यानं तिथं बोलता बोलता सांगितलं, आणि झालं, तो मुलगा दुसऱ्याच दिवशी दारात. वह्या मी पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवल्यात. एकेक पान तो दोन बोटांनी जपून उलटत होता हो. म्हणाला, "आजी, हा लंगडा बघा! दर वर्षी फाल्गुन-चैत्रात, थेट शेवटच्या पानापर्यंत. एकच पक्षी, इतकी वर्षं, त्याच तळ्यावर! मी हे छापणार." मी त्याला पोहे दिले, चहा दिला आणि गप्प बसले. कारण ते शेवटचं पान खोटं आहे, मामंजी. ते मी न बघता लिहिलंय. तुम्ही ते खरं मानून गेलात, आणि तुम्हाला हे सांगायला मला पन्नास वर्षं लागली.

तुमच्या घरात आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. लग्न होऊन तीन महिने झाले नाहीत तोवर तुमचा मुलगा पलटणीतून लढाईवर गेला, बोटीनं, कुठं ते पत्रात लिहायची बंदी. मागं राहिलो तुम्ही, आत्याबाई आणि मी. सातवीची फायनल पास झालेली सून केली म्हणून आत्याबाईंना, सासूच त्या, सदा धास्ती, की ही आता चुलीपुढं बसून पुस्तक वाचणार. पुस्तक कुठलं मिळायला! पण तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आणि एका संध्याकाळी तुम्ही सोप्यात बसून, माझ्याकडं न बघता, हाक दिलीत. "पोरी, तुला लिवाय येतंय न्हवं? उद्या पहाटं संगं चल. तळ्यावर जायचं हाय." आत्याबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "आवं, सून हाय ती! गाव काय म्हनंल?" तुम्ही म्हणालात, "गावाला म्हनू दे काय म्हनायचं ती. माझं डोळं चालल्यात. तिचं घेतो जरा उसनं."

गाव म्हणालंच. सुभेदार सुनेला घेऊन पाखरं बघाया जातोय, म्हातारपणी डोकं फिरलं. पाणवठ्यावर बायका मला विचारायच्या, "काय गं, आज किती पाखरं घावली? रस्सा केलास का?" मी खाली मान घालून घागर भरायची. तुम्ही पुढं, मी दहा पावलं मागं, पदर कपाळापर्यंत, हातात वही. पहिल्या दिवशी मी लग्नातलं हिरवंगार लुगडं नेसून आले आणि तळ्याच्या काठावर पाय ठेवला न ठेवला, सगळा थवा भुर्रकन उठून पलीकडच्या तीराला. तुम्ही इतके रागावलात! "पोपट होऊन आलीस व्हय गं?" दुसऱ्या दिवशी मी जुनेरं नेसले, तर आत्याबाईंचा जीव वरखाली, सवाष्णीनं विटकं नेसून भल्या पहाटे बाहेर पडायचं म्हणजे काय! तुम्ही पलटणीतल्यासारखा हुकूम काढलात: मातीच्या रंगाचंच नेसायचं. मग आत्याबाईंनी आपलं स्वतःचं एक तांबूस लुगडं काढून माझ्या अंगावर टाकलं. "घे. विटकं हाय, पन माझं हाय. कुनी नाव ठेवलं तर माझं सांग."

काठावर बाभळीचे काटे. तुमच्या पायांत पलटणीचे बूट, मी अनवाणी. एक दिवस मी काटा काढायला बसले आणि मागं राहिले. पुढल्या आठवड्यात लोणंदच्या बाजाराहून आलात आणि उंबऱ्याच्या आत कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवून सरळ गोठ्याकडं निघून गेलात. आत कोऱ्या चपला. सासऱ्यानं सुनेला चपला आणल्याचं आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. गावातून घालून जाणं शक्यच नव्हतं. मी त्या ओच्यात लपवून न्यायची, शेवटचं घर मागं पडलं की पायांत घालायची आणि परत येताना पुन्हा ओच्यात. तुम्ही त्या जागी थांबून विडी पेटवायचात, माझं होईपर्यंत, पाठ करून.

आपलं तळं म्हणजे सरकारनं बांधलेला तलाव. पावसाळ्यात पाहावं तर नुसतं गढूळ पाणी. पण माघ संपता संपता पाणी उतरतं, काठानं काळा चिखल उघडा पडतो आणि मग उतरतात ती. लांब गुलाबी पायांचे शेकाटे, शेपटी सारखी हलवणारे तुतवार, आणि चिखलावर इकडून तिकडं धावणारी मूठभर आकाराची कसली कसली बारकी पाखरं, ज्यांना तुम्हीही नाव देऊ शकला नाहीत आणि वहीत नुसतं "बारकी मंडळी" लिहायला सांगितलंत. मोजायला दुर्बीण माझ्याकडं. तुम्ही पलटणीत असताना इराकात, बसऱ्याच्या बाजारात घेतलेली, एका काचेला तडा गेलेली. मी मोजायची, तुम्ही कानानं ऐकायचात. "ती डावीकडली शीळ घातली ती कोन? बघ."

पण तुमचा जीव होता तो त्या लांब सरळ चोचीच्यांवर. फाल्गुनात करडे असतात, आणि चैत्र लागता लागता त्यांचा गळा नि छाती विटकरी होत जाते. रंगले की समजायचं, आता निघाले उत्तरेला. पहिल्या लढाईत तुम्ही बसऱ्याकडच्या दलदलीत पडला होतात, तापानं फणफणलेले, पलटणीतली माणसं पटापट मरत होती, आणि समोर चिखलात ही पाखरं चोची खुपसत होती. घरी आलात आणि पुढच्या फाल्गुनात आपल्याच तळ्यावर तीच दिसली. तुम्ही हे मला एकदाच सांगितलंत. "मी पेन्शनीत निघालो, पर हे अजून नोकरीवर हायती बघ." तेव्हापासून वहीत त्यांचं नाव बसरेकर. आणि त्यांच्यात एक लंगडा. डावा पाय गुडघ्याखाली नव्हताच. एका पायावर उड्या मारत चरायचा, वाऱ्यानं तोल गेला की पंख उघडून सावरायचा. दर वर्षी यायचा, आठ-दहा दिवस राहायचा. त्याच्यासाठी वहीत वेगळी ओळ होती. लंगडा, हजर. किंवा गैरहजर.

तो मी पहिल्यांदा टिपला ती सकाळ आठवते का तुम्हाला? मला तर अजून हसू येतं. मी दुर्बिणीतून बघते, तर एका पायावर उभा! "मामंजी, लंगडा! हजर हाय!" आणि लगेच लिहूनही टाकलं. तुम्ही म्हणालात, "दुसरा पाय न्हाई, का दिसत न्हाई?" मला कळेना. तुम्ही मला तिथंच बसवलंत. ऊन वर आलं, मला तहान लागली, घरी दळण पडलेलं, तुम्ही हलायला तयार नाही. शेवटी त्या पाखरानं आळस दिला आणि पोटाखालून दुसरा पाय अलगद खाली सोडला. झोपताना सगळीच एक पाय वर घेतात, हे मला काय माहीत! तुम्ही खो खो हसलात. मग वही मागितलीत, ती ओळ माझ्याच हातानं खोडायला लावलीत, आणि हसणं एकदम थांबवून म्हणालात, "पोरी, हजेरी हाय ही. पलटणीत खोटी हजेरी लिवनाऱ्याला मी बडवून काढलाय. दिसला तर हजर. हुडकून बी न्हाई दिसला तर गैरहजर. आन ग्येलीच न्हाईस, तर त्या दिसाचं पान कोरं ऱ्हाऊ दे. त्यात लाज न्हाई." त्यानंतर चार दिवसांनी खरा लंगडा आला. मी लिहिण्याआधी तासभर बघत बसले होते.

लढाईचं ते शेवटचं वर्ष. दिवाळीनंतर तुमच्या मुलाचं पत्र आलं नव्हतं. घरात कुणी त्याविषयी बोलत नव्हतं, आत्याबाई देवापुढं जरा जास्त वेळ बसायच्या, इतकंच. मिरजेला जाऊन डोळे कापून घ्या म्हटलं की तुम्ही म्हणायचात, पोरगा आला म्हंजी जाऊ. त्या फाल्गुनात तुमची छाती भरली आणि तुम्ही सोप्यातल्या खाटेवर पडलात ते पडलातच. तळ्यावर मी एकटी जायची आणि तुमच्या उशाशी बसून वाचून दाखवायची. बसरेकर आले. लंगडा नाही. पुन्हा गेले, नाही. तीनदा मी "गैरहजर" लिहिलं. तुम्ही म्हणायचात, "ईल. लंगडा हाय, मागनं ईल."

आणि तो दिवस. चैत्र लागला होता, बसरेकरांचे गळे रंगले होते, एक-दोन दिवसांत थवा उठणार हे मलाही कळत होतं. तळ्यावर जाते म्हणून मी पहाटे निघाले. शेवटच्या घरापाशी चपला घातल्या. तिथून डावीकडं तळ्याची वाट, उजवीकडं औंधचा रस्ता. मी उजवीकडं वळले. रात्रभर मला झोप नव्हती. आमच्या गावात टपाल आठवड्यातून एकदा यायचं. मला वाटलं, कोण जाणे, औंधच्या कचेरीत पत्र येऊन पडलं असेल. तीन कोस चालत गेले. कचेरी उघडायची होती, बाहेर ओट्यावर बसले, समोर यमाईचा डोंगर, हातसुद्धा जोडले नाहीत, असं डोकं फिरलेलं. टपालमास्तर आले, त्यांनी सगळा गठ्ठा माझ्यासमोर दोनदा चाळला. चांगला माणूस. म्हणाले, "सूनबाई, असतं तर मीच माणूस धाडला असता." तीन कोस परत. डोक्यावर ऊन, पायाला फोड.

मी घरात पाऊल टाकलं आणि तुम्ही खाटेवरून विचारलंत, "आलीस? लंगडा हजर हाय का?"

"हाय," मी म्हटलं. "हजर हाय."

तुम्ही उठून बसायचा प्रयत्न केलात. "कुठला पाय?"

"डावाच. गुडघ्याखाली न्हाई."

"निजला न्हवता न्हवं? चालताना बघितलास?"

"चालताना बघितला. दोनदा तोल गेला. पंख उघडून सावरला."

"गळा रंगलाय?"

"रंगलाय."

"लिव," तुम्ही म्हणालात. मी तुमच्यासमोर बसून लिहिलं. तुम्ही त्या ओळीवरून बोट फिरवलंत, शाई ओली होती, बोटाला लागली. मग आत्याबाईंना हाक मारून म्हणालात, "आगं, त्यो आला. लंगडा असून आला." आत्याबाई पदरात तोंड घालून रडल्या. त्या कशाला रडल्या ते आम्हा तिघांनाही कळत होतं. चार दिवसांनी तुम्ही गेलात. तेराव्यानंतर पत्र आलं, इटलीतल्या दवाखान्यातून. तुमचा मुलगा जगला, मामंजी, पुढल्या वर्षी घरी आला, चाळीस वर्षं माझ्याबरोबर नांदला. त्यालाही मी हे सांगितलं नाही. तुमचे वडील शांत गेले, एवढंच सांगितलं.

आज तो कॉलेजातला मुलगा पुन्हा आला होता. मी पोहे करायच्या आधीच त्याला सांगून टाकलं, की शेवटचं पान छापू नका, मी त्या दिवशी तळ्यावर गेलेच नव्हते. मग त्यानं पेन्सिल काढली, त्या ओळीशेजारी बारीक फुली मारली आणि म्हणाला, "आधीची वर्षं आहेत, आजी, ती पुष्कळ झाली." मी विचारलं, "त्या वर्षी तो आला असेल का हो?" तो म्हणाला, "आला असेल, नसेलही. आता कोण सांगणार?" मला वाटलं होतं तो रागावेल, आणि खरं सांगते, रागावला असता तर बरं झालं असतं. उलट जाताना वाकून नमस्कार केला. म्हणाला, "मरणाऱ्या माणसासाठी मायेपोटी केलंत, आजी. कुणीही हेच केलं असतं." मी मान हलवली. आत जाऊन कप विसळले. मग हे लिहायला बसले, कुठं टाकायचं ते ठाऊक नसताना.

कारण माया नव्हती, मामंजी. राग होता. सहा कोस तंगडतोड करून रिकाम्या हातानं आले होते, आणि तुम्ही पोराच्या पत्राचं न विचारता पाखराचं विचारलंत. मी टपालाला गेले होते हे तुम्हाला कुठून माहीत असणार? हे तेव्हाही मला कळत होतं. तरीसुद्धा "हाय, हजर हाय" हे मी दात खाऊन म्हटलं. घ्या तुमचा लंगडा, आणि मला सोडा एकदाची, असं मनात म्हणत म्हटलं. तुम्हाला आवाजातलं ते कळलं नाही. तुम्ही हसलात, आणि तुमच्या वाटणीचं दूध मला प्यायला लावलंत. ते मी प्यायलेही.