संपातला फुटबॉल

१६ ऑगस्ट १९८२

आज पुन्हा दादाशी भांडण. जेवता जेवता. म्हणे, मिल बंद आणि मिलचा फुटबॉल चालू, लाज नाही वाटत? नाही वाटत. संप साचेवाल्यांचा आहे. दादा साच्यावर उभा राहतो, कापड विणतो, त्याने करावा. मी आयुष्यात साच्याला हात लावलेला नाही. मला मिलने टीमचा बॅक म्हणून घेतलं. साचाखात्यात नाव आहे ते फक्त पगारासाठी. सगळ्या खेळाडूंचं असंच असतं, दादाला हे चांगलं माहीत आहे.

आधी बँक, मग रेल्वे, आता मिल. कुणीही कायम केलं नाही. वय तीस. लीग संपली की कायम करतो, असं आमचे स्पोर्ट्स ऑफिसर श्यामसुंदर साहेब बोललेत. आता सोडलं तर पुढे कोण घेणार मला? दादा घेणार?

२० ऑगस्ट

बूट भाजीच्या पिशवीतून नेतो, वर मेथीची जुडी. तरी आमच्या भटवाडी चाळीला कळायचं ते कळतंच. नळावर सुगंधावहिनीचा हंडा कुणीतरी लाथेने लवंडला. तिचा नवरा, आमचा दादा, सात महिने संपावर, घरात दोन वेळा पेज, आणि लाथ तिच्याच हंड्याला. माणसं आहेत की कोण!

२९ ऑगस्ट

कूपरेज मैदानावर पोलीस व्हॅनमधून नेलं. स्टँडमध्ये आमच्याच मिलचे लोक. मॅचभर माझ्या नावाने एकच — ‘लवू संपफोड्या’. एकाने चप्पल फेकली. मी त्यांच्यासमोरच समोरच्या विंगरला आडवा केला. रेफ्रीने ताकीद दिली. बरं वाटलं.

३० ऑगस्ट

चाळीच्या कमिटीने दादाला चारचौघांत सुनावलं — ‘आधी घरातला फितूर सांभाळ.’

३१ ऑगस्ट

बूट गटारात! दादानेच टाकले. मी कॉलर धरली. म्हटलं, माझ्या पगाराची पेज चालते तुला, माझे बूट चालत नाहीत? वहिनी मध्ये पडली. दादा एवढंच म्हणाला, ‘ह्या घरात पाय ठेवू नको.’ वहिनीचं तोंड बघून वाटलं, पेजेचं बोलायला नको होतं. पण खोटं काय बोललो?

६ सप्टेंबर

मरोळला ह्युबर्टकडे राहतोय. आमच्या टीमचा गोली. त्याची आई रोज विचारते, घरी कधी जाणार. हाकलत नाही, पण विचारते.

३ ऑक्टोबर

शेवटची मॅच जिंकलो. ह्युबर्टचे जुने बूट, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून. एकही माणूस पुढे जाऊ दिला नाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. गेले खड्ड्यात.

४ ऑक्टोबर

श्यामसुंदर साहेबाने बोलावलं. बस म्हणाला नाही. टीम बंद, मालकांना आता फुटबॉल नको. ‘पण तू कायम झालास,’ म्हणाला. मी हसलो. मग म्हणतो, ‘परवापासून साचाखात्यात उभं राहायचं. तुझं नाव तिथेच आहे ना? नाक्यावर पोलिसांची व्हॅन येईल, कामावर येणाऱ्या बाकीच्यांबरोबर ये.’

मी खेळाडू आहे, म्हटलं. ‘होतास,’ म्हणाला. हलकट.

ह्युबर्टलाही तेच सांगितलं, त्याने तिथल्या तिथे नोकरी सोडली. त्याच्याकडे बापाची वाडी आहे, भाजी पिकवेल. मी काय पिकवू?

५ ऑक्टोबर

घरी गेलो. दादाला सगळं सांगितलं. वाटलं, आता पोटभर हसेल. हसला नाही.

‘जातलस?’

जाणार, म्हटलं. कायम झालोय.

‘काम कोण शिकवतलो? जाणते सगळे भायर असत. साच्यावरचो धोटो उडालो तर डोळो जाता.’

जाऊ दे, म्हटलं, डोळा माझा आहे. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मला अजून राग आहे त्याचा.

६ ऑक्टोबर

दादा माझ्या आधी साच्यावर जायचे कपडे करून दारात उभा. वहिनी रडत होती. तू नको येऊस, म्हटलं. दोनदा म्हटलं. ऐकलं नाही. नाक्यावरच्या व्हॅनपर्यंत दोघे चाललो, दोन्ही बाजूंनी शिव्या. सगळ्या त्याला. माझं नावही कुणी घेतलं नाही.