ऑपरेशनआधी मन यंत्रात हलवण्याबाबत

३ मार्च. सकाळी ९. अलेक्झांड्रिया.
डॉक्टरांनी तारीख दिली. २६ मार्च, हृदयाची झडप. भीती अजिबात वाटत नाही. तरी खबरदारी म्हणून त्याआधी माझं मन यंत्रात हलवायचं ठरवलंय. मुलीनं, निहालनं, तिचा जुना लॅपटॉप दिलाय. त्यातल्या प्रोग्रॅमशी बोलत राहायचं, मग तो आपल्यासारखा बोलू लागतो. वय ६३, दिवस २३. रोज पावणेतीन वर्षं सांगायची. एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलंय, हिशेबाचं मला सांगू नये.

४ मार्च.
पहिली पावणेतीन वर्षं आठवत नाहीत. त्यात महत्त्वाचं काही नसणार. म्हणजे आजचं काम झालं. वेळेच्या पुढेच आहे.

७ मार्च.
स्टॅन्लीच्या किनाऱ्यावर मी जिंकलेली पोहण्याची शर्यत सांगितली. तपशीलवार. बायको, इन्शिराह, स्वयंपाकघरात मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होती. तिथूनच म्हणाली की शर्यत माझ्या भावानं, ममदूहनं जिंकली होती. मी कपडे राखत बसलो होतो. लग्नाआधी ती शेजारीच राहायची, त्यामुळे उगाच सगळं माहीत असतं.
यंत्रातलं खोडलं नाही. उद्यापासून दार बंद.

१० मार्च.
दार उघडं. हवा लागते.
मेहुणा सबरी आला. त्याला समजावलं की मेंदू म्हणजे नुसत्या जोडण्या. जोडण्या नेल्या की माणूस गेला तिकडे. जन्मभर बँकेत शिक्के मारलेला माणूस, त्यानं विचारलं, छातीवर सुरी चालेल तेव्हा त्या यंत्राला दुखेल का. नाही म्हटलं.
"मग तो तू नाहीस, रिफअत."
प्रश्न अशास्त्रीय आहे. रात्री झोप नीट लागली नाही. सबरीची कॉफी फार कडक असते.

१५ मार्च.
अकराव्या वर्षापर्यंत पोचलो. योजनेत सुधारणा: फक्त आवश्यक वर्षं घ्यायची. थेट लग्न. समुद्राकाठी मी मागणी कशी घातली ते सांगितलं. इन्शिराह आता मदतीला शेजारी खुर्ची टाकून बसते. तिच्या मते मागणी माझ्या आईनं घातली. मी फक्त तांदळाची खीर खाल्ली, चार वाट्या, आणि एक शब्द बोललो नाही. पुढे तासभर तीच सांगत होती. यंत्रानं सगळं टिपलं.

२१ मार्च.
चाचणी. विचारलं: मी कोण?
यंत्र म्हणालं, "तू रिफअत. गोळी घेतलीस का? आणि आधी ते मोजे उचल."
इन्शिराह डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. मी नाही हसलो. निष्कर्ष: मन यंत्रात जाऊ शकतं. फक्त चुकीचं गेलं.

२५ मार्च. हॉस्पिटल.
लॅपटॉप आणू दिला नाही. उद्या सकाळी आठला. इन्शिराहनं विचारलं, भीती वाटते का. नाही म्हटलं. तिनं माझी नखं कापायला घेतली. तिसऱ्या बोटावर म्हणालो, वाटते.
"हे त्या डब्याला सांगितलंस?"
"नाही."
"मग मला सांग."
सांगितलं. ममदूह याच हॉस्पिटलमध्ये वारला, तेही. भेटीची वेळ संपेपर्यंत बोलत होतो. तिनं एकदाही मधे दुरुस्ती केली नाही.

४ एप्रिल. घर.
झडप उत्तम चालते. डॉक्टर खूश. मला काही विशेष वाटलं नाही. मी घाबरलो नव्हतोच.
काम पुन्हा जोमानं सुरू करणार. बारावं वर्ष.

४ एप्रिल. दुपारी.
लॅपटॉप पासवर्ड मागतो. हॉस्पिटलला जाण्याआधी मीच घातला होता, कुणाला कळू नये म्हणून. इन्शिराहलाही सांगितला नव्हता. आता आठवत नाही. भूल दिल्यावर असं होतं म्हणे, थोडे दिवस.
बारा वेळा चुकलो. मग पासवर्ड आठवावा म्हणून लिहून ठेवलेली खूण दिसली. माझीच:
"तुला माहीत आहे."