स्प्रेडशीटमधला कळप

आबा,

तुमच्या गुंतवणुकीचा सगळा गोषवारा गेल्या आठवड्यात जुन्या सॉफ्टवेअरमधून काढून स्प्रेडशीटमध्ये घेतला. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं आहे आणि ती काही केल्या तयार होत नव्हती. कुठला फंड मोडायचा ते तिच्यापुढं नीट मांडावं, म्हणून हा खटाटोप. शीट उघडली तर बेरीजच होईना. प्रत्येक आकड्याला रुपयाचं चिन्ह चिकटून आलं होतं. ते पुसत बसले आणि शेजारच्या रकान्यात एकीखाली एक दिसल्या तुमच्या मेंढ्या: बांडी, मोरी, काळी, बुटकी. आधी हसू आलं, मग रडूच आलं.

दुष्काळात चारा-पाणी संपलं तेव्हा मेंढ्या विकून तुम्ही वाळूजच्या कारखान्यात लागलात. विकून आलात त्या दिवशी जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून मुकाट कंपनीच्या बसमध्ये चढलात. मला नोकरी लागल्यावर मेंढ्यांचा जपून ठेवलेला पैसा आणि पगारातलं उरलंसुरलं माझ्या सांगण्यावरून फंडात घातलंत. अजून डोळ्यांपुढं आहे: मी कॉम्प्युटरवर खाती भरतेय, तुम्ही शेजारी स्टुलावर बसलाय. "ही लांबडी इंग्रजी नावं माझ्या ध्यानात राहायची नाय," तुम्ही म्हणता, "पहिलीला बांडी म्हण. लई गुणाची व्हती." मी वैतागते, पण टाइप करते. पुढं दर रविवारी तुमची चौकशी ठरलेली, "काळी कशी हाय?" बाजार पडला की मीच घाबरायची. तुम्ही म्हणायचात, "वाळलीय जरा. येईल अंगावर. विकू नको."

आपण पडेगावला जिथं मेंढ्या चारायचो, तिथं आता बिल्डिंगा झाल्यात. त्यातल्याच एकीतल्या आमच्या घराच्या गॅलरीत आई पाय लांब करून बसली होती. मी यादी वाचली तशी तिनं मान फिरवली. "माझ्या गुडघ्यापायी त्यांचा कळप मोडू नको. ते असते तर मोडू दिला असता व्हय?"

माझा पारा चढला. म्हटलं, "आबा असते तर तुला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात गेले असते!"

तिनं गुडघ्यावरनं हात फिरवला. मग म्हणाली, "वाच परत." मी वाचलं. "बांडीला काढ," ती म्हणाली. "म्हातारी झाली ती. काळीला हात लावू नको, भरात हाय." फंड असे निवडत नाहीत, पण बांडीत पैसे पुरेसे होते आणि मला वाद घालायचा नव्हता. मी मोबाइलवर विक्रीची विनंती भरायला घेतली, तेवढ्यात आईनं माझा हात धरला. "खाटकाला देऊ नको गं. कुणाच्या तरी कळपात जाऊ दे."

मी "व्हय" म्हटलं आणि बटण दाबलं.

ऑपरेशन सोमवारी आहे. आई शेजारणींना सांगत सुटलीय की आता ती जिना चढून गच्चीवर पापड वाळत घालणार. घाबरलेय ती मी. ऑपरेशनच्या टेबलावर तिला काही झालं तर? घरात सगळ्यांना धीर देणारी मीच, मग हे बोलणार कुणापाशी? हे पत्र कुठंही पोचणार नाही हे ठाऊक असूनही, आबा, तुमच्यापाशी बोलले.