येझदी कोणाच्या नावे

मी श्रावण रामाजी उंदीरवाडे, वय छत्तीस, धंदा मास्तरकी, राहणार पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर, आज मुक्काम वडसा येथे सासऱ्यांच्या अंगणात भर दुपारी बसून, पूर्ण शुद्धीवर असताना, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते लिहून ठेवतो. नशापाणी केलेले नाही. हे कोणाच्या दडपणाखाली लिहिले नाही असे म्हणण्याची पद्धत आहे, पण मी बायकोच्या दडपणाखाली लिहीत आहे. सत्यशीला म्हणाली, "कागद केल्याबिगर उद्या गाडीले हात लावाचा नाई." अर्जनवीस वारलूभाऊ शेजारी बसून कलमे सांगत आहेत. ते म्हणतात, हे वाक्य खोडा. मी खोडत नाही.

उद्या सकाळी वडसा-आरमोरी रस्त्यावर यंदाच्या हंगामाची शेवटची मोटारसायकल शर्यत आहे. माझ्या येझदीवर मी आणि इथलेच धानगिरणीचे मालक बापूराव गुणांत बरोबरीत आहोत. जो जिंकेल त्याची ढाल! कालपासून माझ्या छातीत नुसते ढोल वाजत आहेत, आणि मेल्यानंतरच्या गोष्टी लिहितानाही मला हसू येत आहे.

कलम १. पोंभुर्ण्याचे कौलारू घर आणि पोस्टातली शिल्लक आई रुखमाबाई हिची. शिल्लक किती ते लिहीत नाही, कारण बरीचशी टायरांत गेली आहे आणि सासरे खांद्यावरून वाचत आहेत. परसातल्या सीताफळासाठी आईने शाळेच्या पोरांवर काठी उगारू नये.

कलम २. सत्यशीला दवाखान्यात नर्स आहे, तिचा पगार आहे. तिला विचारले तेव्हा म्हणाली, "मले तुमचं काईच नको. तुमी धड परत या, बस." एवढे बोलून ती आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत होती. म्हणून तिच्या नावे काही ठेवलेले नाही. तिने साक्षीदार म्हणून सही करायची आहे.

कलम ३. माझी पुस्तके विहाराच्या वाचनालयाला. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम साधा करावा, आणि "मास्तर फार सांभाळून गाडी चालवायचे" असे खोटे भाषण कोणी ठोकू नये.

कलम ४. पाने, पकडी, हातोडी ही सगळी हत्यारे सासरे सोमाजी यांना, आणि त्यांच्यावरचा माझा रागही त्यांनाच. ते शंकरपटातले, म्हणजे बैलांच्या शर्यतीतले, जुने गाडीवान. त्यांच्या बैलजोडीने किती पट जिंकले हे त्यांना विचारू नये, संध्याकाळ होते. मे महिन्यात त्यांनी मला सल्ला दिला, "कंपनीचं तेल काऊन टाकता जी? मी पटाच्या गाडीच्या आसाले मोहाचं तेल देतो. चाक कसं भिरभिर फिरते!" येझदीच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. मी मोहाच्या बियांचे तेल मिसळले. गणिताच्या मास्तराने असे करू नये, पण केले, आणि चंद्रपूरच्या भर उन्हातल्या शर्यतीत मी पहिला आलो! मागे मोहाच्या वासाचा धूर, दोन्ही बाजूंनी शिट्ट्या. बापूराव दुसरे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमची गाडी पिऊन धावून राह्यली का?" सासरे आठवडाभर मिशांना पीळ देत हिंडले.

मग ऑगस्टात धानोऱ्याच्या रस्त्यावर आपटलो. वळणावर चिखलात गाडी आडवी झाली आणि मागून बापूराव माझ्यावरच येऊन पडले. माझे मनगट मोडले. त्यांनीच मला उचलून दवाखान्यात नेले, वाटभर शिव्या देत.

हात गळ्यात असताना मी खाटेवर पडून सत्यशीलाला सांगायचो, रोज एकदा सुरू केली नाही तर गाडी आखडते. ती पदर खोचून किक मारायची, आधी शिव्या देत, पुढे पुढे न देता. मला वाटले, सवय झाली. आई एकदा म्हणाली, "सूनबाई सकाळी बाहेर जाते तं गाडी कुठी जाते?" म्हातारीला दिसत नाही म्हणून मी हसण्यावारी नेले.

नोव्हेंबरात मूलच्या शर्यतीला कडाक्याची थंडी पडली. मोहाचे तेल थंडीत थिजते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल पडत नाही. मला आठवले नाही, सासऱ्यांनाही नाही. झेंडी पडली, बापूराव गेले, आणि मी किक मारतोय, मारतोय! लोक हसून लोळले. सासरे म्हणाले, "बैल असं करत नाई जी." उद्यासाठी कंपनीचेच तेल घातले आहे.

कलम ५. येझदी. सत्यशीला वर्षभर "विका ते लोखंड" म्हणत आली आहे. पण गाडी भंगारात घातलेली मला सरणावरही सोसणार नाही. तेव्हा गाडी बापूरावांना द्यावी. माझे त्यांचे पटत नाही, पण या दोन जिल्ह्यांत तिची नस ओळखणारा दुसरा कोणी नाही. सोबत मोहाच्या तेलाचा उरलेला डबा द्यावा. त्यांनी तो थंडीत वापरावा ही माझी अंतिम इच्छा.

इथवर लिहून सह्यांसाठी कागद फिरवला. सत्यशीलाने पेन हातात घेतले तेव्हा वारलूभाऊ म्हणाले, "बाई, आधीच सांगून ठेवतो. जो साक्षीदार, त्याले यातलं काई भेटत नाई."

तिचा हात थांबला. तिने कलम पाच वाचले, पुन्हा वाचले, आणि पेन खाली ठेवले.

"मंग मी सही करत नाई. गाडी मले पायजे."

"तुले काऊन पायजे ते लोखंड?" सासरे ओरडले.

"यायचा हात मोडला होता तवा नदीच्या पुलावरी रोज कोन नेत होतं तिले? उभ्या गाडीले नुसती किक मारून होते का?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तिसऱ्या गियरमंदी लय मस्त पळते."

मी सांगतो, मे महिन्यात पहिला आलो तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

बापूराव मघापासून चहाला येऊन बसले होते, म्हणजे माझे टायर चोरून बघायला. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "द्या इकडं, मीच सही करतो. थो डबा तरी टळन."

सबब कलम ५ रद्द. बापूराव आता साक्षीदार असल्याने त्यांना गाडी नाही आणि, वाईट वाटते, डबाही नाही.

कलम ६. येझदी सत्यशीलाची, आणि ती माझ्या मरणानंतर नव्हे, आत्तापासून. वारलूभाऊ म्हणतात, असे मृत्युपत्रात बसत नाही. न बसो. उद्याची शर्यत मी तिच्याकडून गाडी मागून घेऊन धावणार आहे. मागितली तेव्हा तिने किल्ली दिली आणि मूठ सोडली नाही. म्हणाली, "माझी गाडी हाये. धड परत आणजा. अन् संगं तुमीबी येजा."

येतो असे कबूल करून खाली सही करतो.

श्रावण रामाजी उंदीरवाडे
मुक्काम वडसा, जिल्हा गडचिरोली
शनिवार, दिनांक २६ डिसेंबर १९८७

साक्षीदार:
१. वारलू पोचू गावतुरे, अर्जनवीस (कलम ६ ला माझी हरकत आहे)
२. बापूराव श्रीहरी ठाकरे, गिरणीमालक (उद्या ढाल मीच नेणार)